तीन देश, दोन नद्या आणि फरकावर चालणारी शहरं

ब्राझील आणि पाराग्वे यांना जोडणारा मैत्री पूल जेमतेम साडेपाचशे मीटर लांब आहे. रमतगमत चाललं तरी दहा मिनिटांत देश बदलतो. सकाळी ब्राझीलकडून पाराग्वेकडे निघालेल्या गर्दीच्या हातात रिकाम्या पिशव्या असतात आणि दुपारनंतर त्याच पिशव्या फुगून परत येतात. बस, ट्रक आणि मोटारींची रांग हलायला तयार नसते, म्हणून घाईतली माणसं मोटारसायकल-टॅक्सीवर मागे बसतात आणि गाड्यांमधल्या फटीतून पलीकडे निघून जातात. खाली खोल घळीतून पाराना नदी वाहते. एवढी मोठी नदी, पण पुलावरच्या गडबडीत तिच्याकडे बघायला फारसं कुणी थांबत नाही.

पुलाच्या पूर्वेला ब्राझीलचं फोज दो इग्वासू, पश्चिमेला पाराग्वेचं सिउदाद देल एस्ते. थोडं दक्षिणेला पूर्वेकडून येणारी इग्वासू नदी पारानाला मिळते आणि संगमाच्या पलीकडच्या कोपऱ्यात अर्जेंटिनाचं प्वेर्तो इग्वासू सुरू होतं. संगमाच्या तिन्ही काठांवर आपापल्या झेंड्याच्या रंगात रंगवलेले तीन स्तंभ आहेत. कुठल्याही एका स्तंभापाशी उभं राहिलं की उरलेले दोन देश समोर दिसतात. इथल्या दुकानांत रेआल, ग्वारानी, पेसो आणि डॉलर अशी चारही चलनं चालतात. कानावर पोर्तुगीज, स्पॅनिश आणि ग्वारानी तर पडतातच, शिवाय अरबी आणि चिनीही पडतात.

या टापूत जगातला एक अफाट धबधबा आहे, जगातलं एक महाकाय जलविद्युत केंद्र आहे आणि दक्षिण अमेरिकेतला एक अत्यंत गजबजलेला बाजार आहे. तिन्ही गोष्टी एकमेकींपासून तासाभराच्या अंतरात. हा निव्वळ योगायोग वाटतो, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते. दोन बाजूंच्या पातळीत फरक असला की काहीतरी वाहू लागतं: कधी पाणी, कधी वीज, कधी माल.

करांचा उतार

सिउदाद देल एस्ते १९५७ साली जंगल तोडून वसवलं गेलं. त्यामागचं कारण नकाशात दिसतं. पाराग्वेला समुद्र नाही. बाहेरच्या जगाशी व्यापार करायचा तर नदीमार्गे अर्जेंटिनातून जावं लागे आणि ते अवलंबित्व पाराग्वेला खुपत होतं. पूर्वेला पूल बांधला तर ब्राझीलमधून थेट अटलांटिकवरच्या पारानाग्वा बंदराशी रस्ता जोडता येणार होता. १९६५ मध्ये पूल खुला झाला आणि पाराग्वेला दुसरं दार मिळालं. हुकूमशहा आल्फ्रेदो स्त्रोएसनर याने शहराला स्वतःचंच नाव दिलं होतं. १९८९ मध्ये तो पदच्युत झाला आणि त्याच वर्षी शहराचं नावही बदललं.

ब्राझीलने आपले कारखाने सांभाळण्यासाठी आयात मालावर जबर कर लावले. पाराग्वेकडे सांभाळायला मोठे कारखानेच नव्हते. त्याने परदेशी ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या मालावरचा कर अगदी कमी ठेवला. एकाच नदीच्या दोन काठांवर एकाच कॅमेऱ्याच्या दोन किमती झाल्या आणि माल स्वस्ताकडून महागाकडे धावू लागला. अत्तरं, खेळणी, घड्याळं, संगणक, मोबाइल, गाडीचे टायर यांची दुकानं पुलाच्या तोंडापासूनच सुरू होतात. रस्त्याने येणाऱ्या ब्राझिली प्रवाशाला ५०० डॉलरपर्यंतचा माल करमाफीत आणता येतो. त्याहून जास्त न्यायचं ठरवलं की मग वेगवेगळ्या युक्त्या सुरू होतात. इथे तस्करीही होते आणि पुलावर जकात अधिकाऱ्यांच्या झडत्याही होतात.

ही दुकानं चालवणाऱ्यांत लेबनॉनहून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातले बरेच जण व्यापार पाराग्वेत करतात आणि राहतात ब्राझीलमध्ये. म्हणूनच फोज दो इग्वासूमध्ये १९८३ पासून पांढरीशुभ्र उमर इब्न अल-खत्ताब मशीद उभी आहे आणि नाक्यानाक्यावर शावर्मा मिळतो. तैवानहून आलेल्या व्यापाऱ्यांचीही इथे जुनी वस्ती आहे. शहराबाहेरच्या टेकाडावर चिनी धाटणीचं बौद्ध मंदिर आहे. त्याच्या पटांगणात शंभराहून अधिक मूर्ती ओळीने उभ्या आहेत आणि तिथून दोन्ही देशांच्या इमारती दिसतात.

समुद्राकडे पाठ फिरवलेली नदी

धबधब्याची गोष्ट मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. इग्वासू नदी अटलांटिक महासागराच्या किनाऱ्याजवळच्या डोंगररांगेत उगम पावते, पण समुद्राकडे न जाता त्याच्याकडे पाठ फिरवून पश्चिमेला सुमारे तेराशे किलोमीटर वाहते. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना बंगालच्या उपसागराची वाट धरते, तसंच हे. दोन्हीकडे कारणही सारखं आहे. जुना भूखंड तुटून समुद्र तयार झाला तेव्हा तुटलेली कड उंच राहिली आणि जमीन आतल्या बाजूला उतरती झाली.

साम्य इथेच संपत नाही. सुमारे साडेतेरा कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींपासून दूर होण्याच्या सुमाराला इथे जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. एकावर एक थर साचत गेले. त्या लाव्ह्याचा एक तुकडा आज अटलांटिकपलीकडे आफ्रिकेतल्या नामिबियात सापडतो. आपला सह्याद्री ज्या बेसॉल्टचा, त्याच जातीचा हा खडक, फक्त वयाने दुपटीहून मोठा. सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात, तशाच इग्वासूच्या कड्यातही आहेत. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र. पाणी मऊ भाग लवकर खातं, मग त्यावरच्या थराच्या टणक भागाला आधार उरत नाही आणि तो कोसळतो. म्हणून इग्वासूचं पाणी अनेक ठिकाणी एका झेपेत न पडता मधल्या पायरीवर आपटून पुन्हा उडी घेतं.

हा कडा मागे मागे सरकतो आहे. पारानाने आपलं पात्र खोल कापत नेलं. इग्वासूला तेवढ्या वेगाने खोल जाता आलं नाही. संगमापाशी पातळीत फरक पडला आणि धबधबा जन्माला आला. तेव्हापासून तो स्वतःच्याच पायाखालचा खडक पाडत वीसेक किलोमीटर वर गेला आहे.

आज त्याची रुंदी सुमारे पावणेतीन किलोमीटर आहे. पाणी किती आहे त्यावर धारांची संख्या बदलते, पण सहसा २७५ हा आकडा सांगतात. सर्वांत उंच धार ‘सैतानाचा घसा’ नावाच्या घोड्याच्या नालासारख्या घळीत सुमारे ऐंशी मीटर कोसळते. देशांची सीमा याच घळीतून जाते. एरवी नदी सेकंदाला सुमारे १५ लाख लिटर पाणी आणते. जून २०१४ मधल्या पुरात हा आकडा साडेचार कोटींच्या वर गेला होता. इथल्या पाण्याला पुष्कळदा तांबूस रंग असतो, कारण वरचा बेसॉल्ट भरपूर पावसात झिजून लाल माती झाली आहे. आपल्याकडे कमी पावसाच्या देशावर याच खडकाची काळी माती होते आणि कोकणातल्या धो-धो पावसात तांबडा जांभा.

बहुतेक धारा अर्जेंटिनाच्या हद्दीत पडतात, पण त्यांचं सगळं रूप दिसतं ते ब्राझीलच्या काठावरून. अर्जेंटिनात तुम्ही धबधब्याच्या डोक्यावरून चालता. छोटी आगगाडी जंगलातून आत नेते, तिथून लोखंडी जाळीची पायवाट नदीच्या पात्रावरून थेट घशाच्या काठापर्यंत जाते. तिथे पाणी पडताना दिसतं, पण तळ दिसत नाही, कारण खालून उसळणारे तुषार वर येऊन तुम्हालाच भिजवतात. ज्या देशाच्या वाट्याला धबधबा आला त्याला देखावा शेजाऱ्याच्या अंगणातून बघावा लागतो. म्हणून एका काठावर थांबून परतणाऱ्याला अर्धाच इग्वासू कळतो.

पडद्यामागचे रहिवासी

धबधब्यापाशी थोडा वेळ शांत उभं राहिलं तर काळे ठिपके पाण्याच्या भिंतीकडे झेपावताना दिसतात. या पाकोळ्या आहेत. त्या कोसळत्या धारांच्या फटीतून सुसाट आत शिरतात आणि मागच्या ओल्या कड्याला बिलगून राहतात. घरटीही तिथेच. एवढ्या पाण्यामागे शिकारी कुठून येणार? उभ्या दगडाला धरून बसायला त्यांच्या पायांना तीक्ष्ण नख्या आहेत.

भोवतालचं जंगल म्हणजे अटलांटिक वनाचा उरलेला मोठा तुकडा. कधी काळी हे वन ब्राझीलच्या किनाऱ्यापासून इथपर्यंत पसरलं होतं. शेतीसाठी त्याचा बहुतेक भाग गेला. उपग्रहाच्या छायाचित्रात उद्यानाची हद्द स्पष्ट ओळखू येते, एका बाजूला गर्द हिरवं रान आणि लगतच सोयाबीनची आखीव शेतं. अर्जेंटिनाने १९३४ मध्ये आणि ब्राझीलने १९३९ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यानं केली. पुढे युनेस्कोने दोन्हींना जागतिक वारसा ठरवलं. ब्राझीलच्या बाजूच्या उद्यानामागे विमानविद्येचे प्रणेते आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांचाही हात आहे. १९१६ मध्ये ते इथे आले तेव्हा धबधब्याकाठची जमीन खासगी मालकीची होती. हे त्यांना पटलं नाही. त्यांनी राज्याची राजधानी कुरितिबा गाठून राज्याच्या प्रमुखांकडे आग्रह धरला आणि सरकारने ती जमीन ताब्यात घेतली.

या जंगलात जग्वार आहेत आणि ते पोहत नदी ओलांडतात. एकच जनावर दोन देशांच्या यादीत दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून दोन्हीकडचे संशोधक मिळून गणना करतात. प्रवाशाला जग्वार क्वचितच दिसतो. कोआटी मात्र हमखास दिसतात. लांब नाक आणि पट्टेरी शेपटीचे हे प्राणी टोळीने येतात आणि हातातला खाऊ डोळ्यांदेखत पळवतात. गोंडस दिसले तरी त्यांना खायला घालू नये, ते चावतात.

एक धरण, दोन प्रकारची वीज

पुलापासून काही किलोमीटर उत्तरेला पारानावर इताइपू धरण आहे. १९७३ मध्ये ब्राझील आणि पाराग्वे यांनी करार केला: नदी दोघांची, म्हणून वीज निम्मी-निम्मी आणि ज्याला आपला वाटा लागणार नाही त्याने तो दुसऱ्याला विकायचा. १९८४ मध्ये पहिली वीज निघाली. धरणाची उंची १९६ मीटर. ७०० मेगावॅटचे वीस जनित्रसंच, एकूण १४,००० मेगावॅट. कोयनेची सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे, म्हणजे इथे सात कोयना एका भिंतीत मावतात. चीनमधलं थ्री गॉर्जेस क्षमतेने मोठं आहे, तरी २०१६ मध्ये इताइपूने १०३ अब्ज युनिट वीज देऊन तेव्हाचा जागतिक उच्चांक केला होता.

पाणी किती लागतं याचा अंदाज करायचा असेल तर धबधबा आठवावा. इग्वासूचा नेहमीचा संपूर्ण प्रवाह इथे आणून सोडला तर त्यावर वीसपैकी जेमतेम दोन संच चालतील.

वीस संचांपैकी दहा पाराग्वेसाठी आणि दहा ब्राझीलसाठी, पण दोघांची वीज सारखी नाही. पाराग्वेत आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, तर ब्राझीलमध्ये ६० हर्ट्झची. दोन्ही प्रकारचे संच मिनिटाला सुमारे ९१-९२ फेरे घेतात. पाण्याच्या चाकाचा वेग जवळपास तोच ठेवून चुंबकाच्या ध्रुवांची संख्या मात्र बदललेली आहे, एका प्रकारात ६६ आणि दुसऱ्यात ७८. बाहेर पडणाऱ्या विजेचं स्पंदन एवढ्यानेच वेगळं होतं.

मग पाराग्वेला न लागणारी ५० हर्ट्झची वीज ६० हर्ट्झच्या ब्राझीलला द्यायची कशी? आधी स्पंदनच काढून टाकायचं. फोज दो इग्वासूच्या केंद्रात तिचा एकदिश प्रवाह केला जातो, ६०० किलोव्होल्टच्या तारांवरून ती सुमारे आठशे किलोमीटरवर साओ पावलोजवळ पोहोचते आणि तिथे तिला नव्याने ६० हर्ट्झचं स्पंदन दिलं जातं. चंद्रपूरची वीज मुंबईजवळच्या पडघ्याला येते तीही एकदिश प्रवाहानेच. तिथे कारण लांब अंतराचं, इथे लांब अंतराबरोबर दोन देशांच्या दोन सवयींचंही.

पाण्याखाली गेलेला वाद

या विजेची किंमत नकाशावरून पुसली गेली आहे. इताइपूपासून सुमारे दोनशे किलोमीटर वर पारानावर ग्वाइराचा धबधबा होता. ब्राझिली लोक त्याला ‘सेते केदास’ म्हणत. पाण्याच्या प्रमाणात तो जगातल्या सर्वांत मोठ्या धबधब्यांपैकी एक होता. तिथली सीमा नेमकी कुठून जाते यावर ब्राझील आणि पाराग्वे यांच्यात जुना तंटा होता आणि १९६५ मध्ये तो इतका चिघळला की ब्राझिली सैनिक तिथे जाऊन बसले. १९६६ मध्ये दोघांनी पाण्याचा उपयोग मिळून करायचं ठरवलं, त्यातून धरण आलं. ऑक्टोबर १९८२ मध्ये जलाशय भरला आणि धबधबा पाण्याखाली गेला. ज्या भूमीवरून वाद होता तिचा मोठा भागही त्याखाली गेला. अखेरच्या महिन्यांत लोक त्याला बघायला लोटले होते. त्या वर्षी जानेवारीत तिथला झुलता पूल तुटून ३२ जण मेले. काठावरच्या हजारो कुटुंबांना उठावं लागलं. त्यांत या नद्यांना नावं देणारे ग्वारानी लोकही होते आणि त्यांच्या जमिनीचा प्रश्न अजून धगधगतो आहे.

याच ग्वाइराने ग्वारानींचं आणखी एक स्थलांतर पाहिलं होतं. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी ग्वारानींसाठी गावं वसवली. तिथे धर्मांतर होतं, शिस्त होती, शेती होती, संगीत होतं. शिवाय गुलाम पकडायला येणाऱ्या टोळ्यांपासून थोडंफार संरक्षणही होतं. साओ पावलोकडून आलेल्या टोळ्यांनी हल्ले वाढवले तेव्हा १६३१ मध्ये आंतोनियो रुइस दे मोन्तोया या पाद्र्याबरोबर सुमारे बारा हजार माणसं तराफ्यांवरून पारानाने खाली निघाली. ग्वाइरापाशी तराफे टिकले नाहीत, पुढची वाट रानातून पायी काढावी लागली. वाचलेल्यांनी दक्षिणेला पुन्हा गावं उभारली. प्वेर्तो इग्वासूपासून मोटारीने तीन-चार तासांवर सान इग्नासियो मिनीचे अवशेष आहेत. लाल दगडात कोरलेल्या फुलापानांवर ग्वारानी कारागिरांचा हात ओळखू येतो.

मोन्तोयाने ग्वारानी भाषेचा मोठा कोश केला, तो १६३९ मध्ये छापला गेला. त्याच पंथाचे फादर थॉमस स्टीफन्स तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला, गोव्यात, मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहून गेले होते. त्यांचं कोकणी व्याकरण १६४० मध्ये राशोलला छापलं गेलं. अवघ्या वर्षाच्या अंतराने दोन खंडांतल्या दोन भाषांवरचे ग्रंथ एकाच पंथाच्या कामातून छापून निघाले. पुढे स्पेनच्या राजाने १७६७ मध्ये जेझुइटांना हाकललं, गावं ओस पडली, भाषा मात्र टिकली. आज पाराग्वेत ग्वारानी स्पॅनिशच्या जोडीने राज्यभाषा आहे आणि बाजारातला सौदा अनेकदा तिच्यातच पटतो.

ग्वारानींचं दुसरं देणं प्रत्येकाच्या काखेतल्या थर्मासमध्ये असतं. येर्बा माते या पानांवर बर्फाचं पाणी ओतून, औषधी मुळ्या कुटून घालून, धातूच्या नळीने ओढायचं पेय म्हणजे तेरेरे. एकच पेला सगळ्यांत फिरतो. ब्राझील आणि अर्जेंटिनात माते बहुधा गरम पितात, पाराग्वेच्या उकाड्यात थंड. तिसरी भेट तुमच्या साखरेच्या डब्याशेजारी असू शकेल. इथल्या लोकांना ठाऊक असलेल्या गोड पानाच्या झुडपाची विज्ञानाला ओळख करून दिली मोइसेस बेर्तोनी या स्विस शास्त्रज्ञाने, १८९९ मध्ये. ते झुडूप म्हणजे स्टीव्हिया. बेर्तोनीचं घर संगमाच्या थोडं खाली, पाराग्वेच्या काठावर रानात आहे आणि आता ते संग्रहालय झालं आहे. जाताना वाटेवर मोन्दाई नदीचा धबधबाही बघता येतो. इग्वासूच्या गर्दीनंतर तिथला मोकळेपणा बरा वाटतो.

जाणाऱ्यांसाठी

तिन्ही देशांचे प्रवेशाचे नियम वेगवेगळे आहेत, ते आधी तपासावेत. मैत्री पुलावर स्थानिकांची वर्दळ न थांबता चालते, त्यामुळे कुणी अडवलं नाही म्हणून परदेशी माणूसही तसाच पलीकडे जातो आणि परतताना पासपोर्टवर शिक्का नसल्याने अडकतो. आपण होऊन खिडकीपाशी जाऊन शिक्का मागावा. डिसेंबर ते फेब्रुवारी इथला उन्हाळा, दमट आणि गर्दीचा. एप्रिल-मे किंवा ऑगस्ट-सप्टेंबर सोयीचे. धबधब्याच्या अर्जेंटिनी बाजूसाठी पूर्ण दिवस ठेवावा, ब्राझिली बाजूला अर्धा पुरतो. धरणाच्या आत, जनित्रांपर्यंत नेणारी फेरी मिळाली तर सोडू नये.

आणि इथे हिंडताना एक गोष्ट बघत राहावी. ज्या फरकावर हा टापू जगतो, तो फरक इथली प्रत्येक गोष्ट झिजवत असते. धबधबा स्वतःचा कडा पाडतो. नदी पार करणारा प्रत्येक मोबाइल दोन काठांच्या किमती थोड्या जवळ आणतो. पूर्वी पाराग्वेची आणि शेजाऱ्यांची घड्याळं वर्षातले काही महिने तासाने वेगळी असत. २०२४ मध्ये पाराग्वेने घड्याळं मागेपुढे करणं थांबवलं आणि आता तिन्ही काठांवर एकच वेळ आहे. १९९१ च्या मेर्कोसुर करारापासून हे देश आपले आयातकर एकसारखे करू पाहत आहेत. ते पूर्ण जमलं तर सिउदाद देल एस्तेच्या दुकानांना माल विकायला कारण उरणार नाही.

शहर याची वाट बघत बसलेलं नाही. ब्राझिली कंपन्यांनी कमी करांसाठी पाराग्वेच्या काठावर कारखाने हलवले आहेत. इताइपूच्या स्वस्त विजेवर धरणालगत बिटकॉइन काढणाऱ्या संगणकांच्या शेडी उभ्या राहिल्या आहेत. धरणाचं कर्ज २०२३ मध्ये फिटलं, त्यामुळे पाराग्वेच्या वाट्याच्या विजेला ब्राझीलने काय भाव द्यायचा यावर दोन्ही सरकारांची नव्याने घासाघीस सुरू झाली आहे. एक उतार सपाट होत आला की इथली माणसं दुसरा शोधतात आणि सीमा आहे तोवर तो कुठे ना कुठे सापडतो.